बहात्तर तास

“आजोबा, तुम्हीच लिहा ना. तुमचं ऐकतात ते. मी बोललो की म्हणतात, झालं याचं रडगाणं सुरू!”

फोनवर ऑपरेटर हसत होता. दवाखान्याच्या टेलिफोनवर बसणारा हा माणूस जन्मापासून आंधळा. ग्रंथालयांसाठी आम्ही काहीजण मिळून संगणकाचा जो मोफत प्रोग्रॅम चालवतो, त्यातला पुस्तकांची यादी वाचून दाखवणारा भाग त्याने एकट्याने लिहिलेला. मी निवृत्त ग्रंथपाल. नुसत्या चुका शोधतो.

नऊ वर्षं आमचं बोलणं ईमेलवर चाललं. त्याचा संगणक ते त्याला वाचून दाखवायचा. आता मंडळींना झटपट गप्पांची नवी जागा हवी होती. तिथे त्याचा संगणक मजकूर सोडून ‘बटण, बटण, बटण’ एवढंच म्हणायचा. आणि तिथे जायचं की नाही, ही चर्चाही तिथेच ठेवलेली!

आमच्यात मतदान नसतं. प्रस्ताव मांडायचा, बहात्तर तास थांबायचं. कुणाची हरकत आली नाही तर मंजूर. एक हरकत आली तरी थांबून आधी त्यावर बोलावं लागतं.

“लिहितो हरकत,” मी म्हणालो.

पहिल्या दिवशी लिहिलं ते तक्रारीसारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी उपदेशासारखं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आपण कोण टिकोजीराव?

सून म्हणाली, “बाबा, चार ओळी तर आहेत. टाका की पाठवून.”

“एकदा वाचतो,” मी म्हणालो.

वाचून झालं तेव्हा ‘मंजूर’ लागून वीस मिनिटं झाली होती. उशिरा का होईना, लिहायला हवं होतं. तेही लिहिलं नाही.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. “ठरलं म्हणे. जाऊ द्या. तुम्ही माझ्यासाठी भांडलात, तेवढं पुष्कळ झालं.”

“अरे, मी...”

“उगाच वाईटपणा आला तुमच्यावर. मला काय कळत नाही?”

मी म्हणालो, “असू दे.”

असू दे!

ईमेल बंद व्हायच्या दिवशी त्याचं शेवटचं पत्र सगळ्यांना आलं. अर्धवट राहिलेली कामं, कोणतं कुठवर आलंय, कुठे जपायचं, सगळं नीट लिहिलेलं. खाली एक ओळ होती : ‘हे आजोबांकडे द्या. माझी अडचण त्यांना कळते.’

कामं अकरा होती. नव्या जागेवर प्रत्येक कामापुढे ‘कोण करणार’ असा रकाना आहे. मी अकरा वेळा माझं नाव भरलं. त्यातलं एकही काम मला येत नाही.