प्रवाळाच्या खाडीसाठी

राजलक्ष्मीबाईंनी हिंदी मुलखातल्या मुरारच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. गुलाबी खडूनं फळ्यावर प्रवाळ काढलं, पण समुद्र कधी पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात जाहीर केलं, "मला अंदमानला जायचंय. पाण्यात तोंड घालून प्रवाळ बघायचंय."

शहरातल्या सिटी सेंटर भागात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, गरिमानं, चौकशी केली. "आई, एक खाडी आहे, एकदम सुंदर. पर पोहोचणं मुश्किल. आधी विमान, मग जहाज, मग छोटी नाव, आणि शेवटी जंगलातून पैदल."

"मग तीच. जिथं सगळे जातात, तिथलं प्रवाळ तुडवून ठेवलेलं असणार."

त्यांचे यजमान बळवंतराव पेपराआडून ऐकत होते. त्यांना पाण्याची भीती वाटायची, पण पूर्वजांनी तलवारी चालवल्या असताना तसं बोलून दाखवणं शोभलं नसतं. "जाऊ या की," ते म्हणाले. "आधी तू तैरायला शीक." त्यांना वाटलं, विषय मिटला.

राजलक्ष्मीबाई दुसऱ्याच दिवशी तरणतलावावर गेल्या. तिथं फौजेतून निवृत्त झालेले संग्रामसिंह शिकवायचे. थोड्याच आठवड्यांत त्या डोळ्यां-नाकावर मास्क चढवून, पाण्यावर पालथ्या पडून, तोंडातल्या नळीनं श्वास घेत तरंगू लागल्या. मग त्यांनी नवऱ्यापुढे दुसरा मास्क ठेवला. "अहो, आता तुमची पाळी."

बळवंतरावांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मास्क लावला, तोंड बुडवलं आणि ठसकत वर आले. पुन्हा तेच. संग्रामसिंहांनी आधी मास्क तपासला, मग चेहरा.

"साहब, पानी मूंछ से घुस रहा है."

बळवंतरावांची मिशी गालांपर्यंत वळलेली होती. तिला व्हॅसलीन फासून पाहिलं, तर मास्क घसरून हनुवटीवर आला.

"मी नावेत बसतो," ते म्हणाले. "तू बघून मला सांग."

"बरं. पाण्यात सोबतीला तुमच्या बहिणीला नेते. सीमंतिनीवन्संना मिशी नाही."

बळवंतराव दिवसभर आरशापुढे मिशी पिळत बसले. संध्याकाळी ते खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या न्हाव्याकडे गेले. त्यानं दोनदा विचारून खात्री केली आणि मगच वस्तरा हातात घेतला.

सकाळी संग्रामसिंहांनी त्यांना तलावाच्या दारातच अडवलं. "आप नए हैं? पहले दफ्तर में मिलिए." ओळख पटल्यावर त्यांनी आदरानं मान झुकवली.

या वेळी मास्क घट्ट बसला. बळवंतराव पालथे झाले आणि बराच वेळ हललेच नाहीत. घाबरून राजलक्ष्मीबाईंनी त्यांना ओढलं, तेव्हा त्यांनी नळी काढली. "खाली कुणाची तरी केसांची पिन पडलीय. अगदी स्पष्ट दिसते."

त्याच आठवड्यात गरिमानं बातमी आणली. समुद्र तापून तिथलं प्रवाळ पांढरं पडलं होतं, म्हणून खाडी यंदा पर्यटकांसाठी बंद. महिनाभरापूर्वी हे ऐकून बळवंतरावांनी पेढे वाटले असते. आता ते चिडले.

"असं कसं बंद करतात?"

"ते जिवंत असतं, अहो," राजलक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "आजारी पडलंय. त्याला आराम हवा."

बळवंतरावांनी बायकोकडे पाहिलं आणि ते मुलीकडे वळले. "लक्षद्वीपचं काय हाल आहे, बघ."

"बाबा, तिकडंही जहाज, नाव, सगळं आलंच."

"येऊ दे," ते म्हणाले आणि तलावावर जायला टॉवेल शोधू लागले.