फाटक्या कोपऱ्याचं पत्र

माणूस मेल्याची बातमी असली की आमच्याकडे पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. ते पत्र घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं अन् आंघोळ करायची. ही आमची रीत मी एडनमध्ये सालेमले सांगून बसलो होतो. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मी वरवट बकालचा उत्तमराव. एडनच्या बंदरावर सात वर्षं हमाली केली. गावात लोक मले 'एडनवाले' म्हणतात, पण तिथं मी काय होतो ते माहं मले ठाऊक. सालेम तिथलाच अरब, माह्यासारखाच हमाल. मले देवी निघाल्या तेव्हा आमच्याच गावचा पुंजाजी, ज्यानं मले तिकडं नेलं, तो माही वळकटी रस्त्यावर फेकून मोकळा झाला. सालेमनं मले पाठीवर घेतलं अन् आपल्या खोलीत आपल्या खाटेवर टाकलं. स्वतः महिनाभर दाराबाहेर निजला. पेज भरवली, अंगावरचा पू पुसला. "तुले भेव नाही लागत का बे?" मी मोडक्या हिंदीत विचारलं. तो हसला. तिकडं समद्यांनाच थोडी हिंदी येते. म्हणे, "मरना है तो मर जाएंगे. तू चुप खा."

मग एक दिवस गावाहून पत्र आलं, कोपरा फाटलेलं. माही माय गेली होती. मी पाठीवरचं पोतं जिथल्या तिथं टाकलं, मुकादम शिव्या देत राह्यला, अन् मी उभ्या उभ्या पत्र फोडलं. सालेम पाहत होता. काय रीत असते ते त्यानं सारं विचारून घेतलं, न्हावी शोधून आणला, अन् तेरा दिवस त्या खोलीत मासळी शिजू दिली नाही. मासळीशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता तो माणूस माह्यासंग नुसता डाळ-भात गिळत बसला. तेराव्या दिवशी म्हणे, "तेरी माँ मेरी भी माँ. आजसे मैं तेरा भाई."

गावी परतल्यावर हे मी शंभरदा सांगितलं. पारावर सांगितलं, सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं. सालेम म्हणजे माहा भाऊ, सख्ख्याहून सख्खा. सांगायले काय जातं आपलं!

बासष्ट सालचा वैशाख. माह्या पोरीचं, पुष्पीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. पोरीची एक सोयरीक आधीच मोडलेली, ही दुसरी. दारात मांडव, आत बायका हळद दळून राह्यल्या, अन् पोस्टमननं एडनचा लिफाफा हातात दिला. कोपरा फाटलेला.

मी फोडायले नख लावलं, तेवढ्यात बायको सत्यभामा धावत आली अन् माहं मनगट धरलं.

"अवो, फोडू नोका!"

"सालेमचं हाय व. सालेम गेला."

"गेला असन त गेला. चार दिवसानं वाचलं त का दुसऱ्यांदा मरनार हाये? तुम्हीच गावभर सांगून ठेवलं ना, सख्खा भाऊ म्हनून? नवऱ्या पोराची आजी निमित्तच पाहून राह्यली. म्हनन, पोरीचा काका मेला, थांबवा लगन. मंग पोरीले काय जलमभर घरात बसवता?" मग हळूच म्हणे, "फोडलं नाही त कोनी मेलं नाही."

दारात पुष्पी उभी होती. हात हळदीनं पिवळे. माह्याकडे पाहत होती.

मी बायकोवर ढकलत नाही. मलेही तेच पाहिजे होतं. मी लिफाफा गोठ्याच्या कुडात खोसला अन् ज्वारीच्या कडब्याआड जाऊन रडलो. मग तोंड धुऊन मांडवात आलो.

लग्न झकास झालं. पंगतीत व्याही माणिकराव म्हणाले, "व्याही, तुमच्या त्या एडनच्या दोस्ताचा किस्सा होऊ द्या." मी सांगितला की! वाकून, पाठीवर कसं घेतलं ते करून दाखवलं. "तू चुप खा" म्हटलं तशी सारी पंगत हसली. मीही हसलो अन् बुंदीचे तीन लाडू खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पोरगी नांदायले गेली. मी आधी आंघोळीचं पाणी काढून ठेवलं, अन् मग गोठ्याबाहेर उभं राहून लिफाफा फोडला. कोण्या गुजराती दुकानदाराकडून हिंदीत लिहून घेतलेलं पत्र होतं.

'भाई उत्तम, घबराना नहीं, मैं जिंदा हूँ. कोना मैंने खुद फाड़ा है. ऐसा खत तू सब काम छोड़के उसी दम खोलता है, मैंने देखा है.'

पुढं लिहिलं होतं की डोळे जाऊन राह्यले, नुसता उजेड अन् अंधार कळतो. मुंबईत ऑपरेशन होतं म्हणतात. बोट अमक्या तारखेले लागेल. धक्क्यावर कोणी न्यायले आलं तरच उतरू देतील. 'उस मुल्क में मैं एक तेरा नाम जानता हूँ.'

तारीख पुष्पीच्या लग्नाची होती. मी पंगतीत लाडू खात होतो तो दिवस.

तसाच नांदुऱ्याले जाऊन मुंबईची गाडी पकडली. धक्क्यावर पोचलो तर एक हमाल म्हणाला, "तो आंधळा काय? दोन दिवस पत्र्याच्या पेटीवर बसून होता. कोणाची पावलं वाजली की उठून उभा राहायचा अन् 'उत्तम?' म्हणायचा. आज सकाळी बोट परत गेली, तिच्यातच चढवला त्याला." हमाल म्हणाला, "तुमचा कोण होता?" माह्या तोंडून 'भाऊ' निघालं नाही.

दोन महिन्यांनी एडनहून पत्र आलं. कोपरा शाबूत. म्हणून सत्यभामेनं ते आनंदानं देवापाशी ठेवलं. पाहतो तर वर नाव माहं नव्हतं. 'उत्तमच्या घरच्या बाईस' असं होतं. दुकानदारानं लिहिलं होतं: सालेमले आता काहीच दिसत नाही. तो म्हणतो, उत्तम जिंदा असता तर आलाच असता. म्हणून त्यानं डोकं भादरून घेतलं, तेरा दिवस खोलीत मासळी शिजू दिली नाही. बाईले काही लागलं तर कळवावं, दीर आहे असं समजावं.

वाचून दाखवलं तशी सत्यभामा पदरात तोंड घालून रडली. म्हणे, "अवो, लिहा ना त्याले, तुम्ही जिते हा म्हनून."

दहा वर्षं झाली. अजून लिहिलं नाही. मी मेलो म्हणून आलो नाही असं तो समजतो. मी जिता होतो अन् लाडू खात होतो, हे त्याले कोणत्या तोंडानं लिहू? त्यापेक्षा मेलेलाच बरा.