खालचा डावा कोपरा

ब्रशने प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानाच्या पंखांवरची धूळ झटकता झटकता तिचा हात थांबला. शेपटीवर तीन आकडे होते आणि त्यातल्या पहिल्या आकड्याचा खालचा कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा गायब होता. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि विमान डोळ्यांजवळ धरलं. रंग उडालेला नव्हता. तो तुकडा तिथे कधी उमटलाच नव्हता.

असं होऊ शकतं हे तिला माहीत होतं. ही अक्षरं पारदर्शक फिल्मच्या पाठीवर छापलेली येतात. फिल्म प्लॅस्टिकवर टेकवायची आणि वरून शाई संपलेल्या बॉलपेनने घासायची. अक्षर फिकट दिसलं की ते सुटलं असं समजायचं आणि मग फिल्म अलगद उचलायची. पाण्यात भिजवून लावायच्या चित्रांसारखी ही मागेपुढे सरकवता येत नाहीत. एकदा चिकटली की चिकटली, आणि जिथे घासलं नाही तिथलं अक्षर फिल्मलाच राहतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं अक्षरं कापून द्यायचं काम तिचं आणि घासायचं नवऱ्याचं. गेल्या महिन्यात हेच विमान करताना एक आकडा नीट उठला नाही, तेव्हा “शीट जुनं झालंय” असं तो म्हणाला होता आणि तिनेही मान डोलावली होती.

पण हे शीट जुनं नव्हतं. त्याचं पाकीट तिनेच फोडलं होतं.

तिने शेजारची बोट खाली काढली. मग बस, मग आगीचा बंब. फळीवर मॉडेलं ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने ठेवलेली असत, या बाबतीत नवऱ्याला जराही इकडचं तिकडे खपायचं नाही. चार मॉडेलं, चार वेगवेगळी शीटं, आणि चारही ठिकाणी खालचाच डावा कोपरा अर्धवट. दोष शीटचा नव्हता, त्याची नजरच त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हती. विमानाचं एक वेळ सोडा, पण हा माणूस आठवड्यातले सहा दिवस साठ मीटर उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा आणि लोखंडाचे भारे खाली सोडायचा. डोळ्यांच्या तपासणीत त्याने तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवली होती. आणि ते भारे जिथे उतरत तिथे हातात वॉकीटॉकी घेऊन तिचा सख्खा धाकटा भाऊ उभा असायचा.

तो भाऊ दर रविवारी दुपारी जेवायला यायचा, तसा आजही आला. नवरा अंघोळीला गेला होता. तिने भावाला स्वयंपाकघरात ओढलं.

“माल खाली येतो तेव्हा तू कुठे उभा असतोस रे?”

“असं काही ठरलेलं नसतं, ताई.”

“नीट सांग.”

तो ओट्यावरचं झाकण उगाच फिरवत राहिला.

“डाव्या अंगाला. जास्त करून.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. भावजींना त्या बाजूचं जरा कमी कळतं. मी वॉकीटॉकीवर सांगतो ना सगळं. काही होत नाही.”

“आणि तू नसलास की?”

“असतो की मी.” मग तो म्हणाला, “मंगळवारपासून मला दुसऱ्या टॉवरवर टाकलंय.”

 तिने त्याच्या हातातलं झाकण काढून घेतलं.

“मला का नाही बोललास?”

“बोलून काय करणार होतीस? खाली उतरवणार होतीस त्यांना? मला या कामाला त्यांनी लावलं, ताई. मी कुठल्या तोंडाने सांगू?”

बाथरूमची कडी वाजली. नवरा खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला. “बहीण-भावाची काय खलबतं चाललीयेत?” असं म्हणत तो खिडकीपाशी त्याच्या टेबलावर जाऊन बसला. टेबलावर पांढरा टँकर तयार होता, फक्त नाव लावायचं राहिलं होतं.

तिने नाव कापून दिलं. त्याने फिल्म टँकरच्या पोटावर टेकवली, चिकटपट्टीने वरून पक्की केली आणि बॉलपेनने घासायला सुरुवात केली. ती त्याच्या हातावर नजर रोखून उभी होती. पेन वरच्या कडेने गेलं, मधून फिरलं, उजवीकडे दोनदा गेलं. खालच्या डाव्या कोपऱ्याकडे गेलंच नाही. थांबा, तिकडे राहिलंय, एवढंच म्हणायचं होतं.

त्याने फिल्म उचलली. पहिल्या अक्षराचा पाय फिल्मबरोबर वर गेला.

“आलं का सगळं?” त्याने विचारलं. तो टँकरकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

“आलं की भावजी. एक नंबर,” भाऊ म्हणाला.

“मी हिला विचारतोय.”

ती घाबरली होती. खरं सांगितलं तर या माणसाचं काय होईल, याची तिला त्या क्षणी क्रेनपेक्षा जास्त भीती वाटली.

“आलं,” ती म्हणाली.

त्याने पेन खाली ठेवलं.

“तो कोपरा मी घासलाच नव्हता,” तो म्हणाला. “मुद्दाम सोडला होता.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

“मॉडेल उलटं धरलं की मला दिसतं. महिनाभर तेच करतोय, घरात कुणी नसताना एकेक उलटं धरून बघतोय.” तो भावाकडे वळला. “वरून मी रोज तुला विचारतो, मोकळं आहे का. तू म्हणतोस, मोकळं आहे. किती वेळा नव्हतं?”

“तसं नाही भावजी. कुणी असलं तर मी आधी हाकलतो, मग सांगतो.”

“किती वेळा?”



“दोनदा उशीर झाला,” भाऊ म्हणाला. “एकदा कोपऱ्यात मीच होतो.”

नवऱ्याने फोन उचलला आणि सुपरवायझरचा नंबर लावला. आवाज नेहमीचाच होता, रजा सांगताना असायचा तसा. “साहेब, उद्यापासून मी वर चढत नाही. डोळ्यांचं आहे. नाही, बरं होणारं दिसत नाही. दुसरा माणूस बघा.” फोन ठेवून तो दोन्ही हात मांड्यांवर टाकून समोरच्या टँकरकडे बघत बसला. भाऊ पाण्याचा ग्लास आणायला म्हणून आत गेला आणि आतच राहिला.

ती टेबलाला वळसा घालून त्याच्या डाव्या हाताला गेली. स्टूल ओढून बसली. बराच वेळ तशीच बसून राहिली. शेवटी तिने त्याच्या मांडीवरच्या हातावर आपला हात ठेवला, तेव्हा तो इतका दचकला की खुर्ची मागे सरकली.

“तू केव्हा आलीस?” त्याने विचारलं.