साखर सांगणारं घड्याळ

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ना, ते आमच्या घरात अगदी तंतोतंत चाललं होतं. घड्याळ अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कंपनीने त्याचं नावसुद्धा धड सांगितलेलं नाही, आणि आमच्याकडे बापलेकीचं भांडण कशावरून, तर पट्टा निळा घ्यायचा की जांभळा. पोळ्या लाटता लाटता मी ओरडले, "अरे, आधी येऊ तर दे! मग घ्या हवा तो रंग!" तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ते घड्याळ अडवून ठेवलंय.

आमचे हे, आनंदा, रे रोडला लाकडाच्या वखारीत बिलं करतात. माणूस कष्टाळू, पण मुळात स्वप्नाळू. दुपारी डबा खाताना मोबाइलवर त्या घड्याळाच्या बातम्या वाचायच्या आणि संध्याकाळी लालबागला घरी आल्यावर चपला काढायच्या आत त्या सांगायच्या, हा त्यांचा उद्योग. कुणी म्हणे ते घड्याळ तुमची झोप मोजणार. कुणी म्हणे तुम्ही चिडायच्या आधीच ते तुम्हाला सावध करणार. "हे मात्र तुझ्यासाठी घेऊ," हे म्हणाले आणि लाटणं बघून मागे सरकले. पण एक बातमी अशी होती की ती सांगताना ते आवाज खाली आणायचे, दृष्ट लागेल म्हणून. या वेळचं घड्याळ म्हणे रक्तातली साखर सांगणार. सुई नाही, रक्त नाही, मनगटावर नुसता उजेड पडणार आणि आकडा हजर.

आमची अनुजा नऊ वर्षांची. तिला सहाव्या वर्षी मधुमेह निघाला. म्हाताऱ्या माणसांचा असतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो. शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं. इन्सुलिन तिचे बाबा देतात, मांडीत नाहीतर पोटावर, आणि त्याला ती हूं की चूं करत नाही. पण त्याआधी बोट टोचून साखर बघावी लागते, सकाळी, दर जेवणाआधी, झोपताना, आणि ते काम माझं. दंडावर चिकटवायचा सेन्सर असतो, तोही लावून पाहिला. त्याच्या चिकटपट्टीने पोरीची कातडी अशी सोलवटली की डॉक्टरच म्हणाले, नको. म्हणजे पुन्हा बोट आणि पुन्हा मी.

आता मी नुसती जवळ गेले तरी ती मूठ मिटते. वेणी घालायला गेले तरी. सिग्नल ओलांडताना बाबांचा हात धरते, माझा नाही. आपण असं करतो हे तिला कळतही नाही, पण मला कळतं. देवाशपथ सांगते, मला ते काम नकोसं झालं होतं. लोकांना घड्याळ हवं होतं ते मिरवायला. मला ते हवं होतं म्हणजे माझ्या हातातून ती टोचणी एकदाची सुटेल.

हे बोलून दाखवायची मात्र माझी रीत नाही. मी दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर गिऱ्हाइकांचे नखरे झेलायचे, वीस साड्या उलगडायच्या आणि एकही न घेता बाई गेली की परत घड्या घालायच्या. घरी आल्यावर कुणी हवेत इमले बांधायला लागलं की माझं डोकं फिरतं. "कसलं डोंबलाचं साखर सांगतंय," मी म्हणायचे. "गेल्या वर्षीही हेच म्हणत होतात."

"गेल्या वर्षी खाच नव्हती," हे म्हणायचे.

खाचेची बातमी घरात आणली होती मीच, त्यामुळे मला गप्प बसावं लागायचं. झालं असं, की आमच्या दुकानाशेजारी हितेंद्रभाईंचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. फोन असो वा घड्याळ, बाजारात यायच्या आधीच त्याच्या काचा नि पट्टे या लोकांकडे येऊन पडतात. कुठून येतात ते त्यांनाही माहीत नसतं. बाळ जन्मायच्या आधी झबली शिवून ठेवावीत, तसा तो माल. एक दिवस हितेंद्रभाईंनी मला हाक मारली. "अंबिकाबेन, इकडे या. तुमच्या मिस्टरांच्या घड्याळाचा पट्टा आला."

साधा काळा पट्टा. पण आतल्या बाजूला, बरोबर नाडीवर बसेल अशा जागी, तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. "आजपर्यंत कुठल्या पट्ट्याला असं नव्हतं," हितेंद्रभाई म्हणाले. "इथे कंपनी काहीतरी बसवणार. ही खाच अशीच नाय." मी खाचेवर नख फिरवून पाहिलं. मग तो पट्टा घेतला, वरची गोल काचही घेतली. का घेतली, विचारू नका. घड्याळाचा पत्ता नाही आणि मी काच-पट्टा पदरात बांधून निघाले. मला बघून कुणीही म्हटलं असतं, बाईला वेड लागलंय.

अनुने त्याच संध्याकाळी पुठ्ठ्याची चकती कापली, वर ती काच चिकटवली, पट्टा ओवला आणि मनगटावर बांधलं. काचेखाली नुसता कोरा पुठ्ठा. पण त्या कोऱ्या पुठ्ठ्यात आमच्या घराला काय काय दिसायला लागलं म्हणून सांगू! दिवेलागण झाली की बापलेक गॅलरीत चटई टाकून बसायचे. हवेत थोडा गारवा असायचा, समोरच्या टॉवरमध्ये एकेक खिडकी उजळत जायची, खालचा गाड्यांचा आवाज हळूहळू लांब गेल्यासारखा वाटायचा. मग अनु मनगट डोळ्यांजवळ नेऊन म्हणायची, "घड्याळ आलं की मी गिरगाव चौपाटीला पाण्यात हात घालणार. घड्याळ सांगेल, अनु, समुद्र खारट आहे, काळजी नको."

"घड्याळ आलं की," हे म्हणायचे, "तू गुलाबजामकडे बघितलंस तरी ते खाकरेल."

"नाही! ते म्हणेल, अर्धा खा. आणि अर्धा बाबाला दे."

शेजारच्या शेवंतीकाकी दारातून मान काढायच्या. त्यांनाही त्या पुठ्ठ्याची चटक लागली होती. "आनंदा, तुझा ता घड्याळ माणसाच्या मनातला सांगतला काय रे? आमच्या सुनेच्या हातात बांधीन म्हणतंय." आम्ही सगळे हसायचो. मी आत भांडी विसळत असायचे, पण नळ बारीक करून ऐकायचे. आणि मनातल्या मनात मीही खेळायचे. घड्याळ आलं की मी सकाळी उठेन, अनु झोपलेली असेल, मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करीन आणि नुसतीच निघून जाईन. माझ्या हातात काही नसेल. बस्स, एवढंच माझं स्वप्न, पण ते बघताना माझी भांडी हातातच राहायची.

एका संध्याकाळी ह्यांनी मोठी चूक केली. अनु टोचून घ्यायला तयार होईना, रडारड चालली होती, तर हे म्हणाले, "घड्याळ येईपर्यंतच गं बाय. ते आलं की आईचं टोचणं बंद. बाबाचा शब्द." पोरगी डोळे पुसून गप्प झाली. त्या दिवसापासून ती एकदाही रडली नाही. बोट पुढे करायची, दुसरीकडे बघायची आणि विचारायची, "लाँच किती दिवसांवर आलं?"

ती झोपल्यावर मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. "तुमचा शब्द काय कंपनीचा मालक पाळणार आहे? नाही निघालं त्यात तर? पोरीचा आपल्यावरचा विश्वास उडेल, कळतंय का तुम्हाला?"

"निघेल गं," हे म्हणाले. पण आवाज हलला होता. "निघायलाच पाहिजे."

लाँचच्या दिवशी ह्यांनी हाफ डे टाकला. तिकडच्या देशातली सकाळ, आपल्याकडची संध्याकाळ. ह्यांनी अंघोळ केली, देव्हाऱ्यासमोर पाटावर नारळ ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. आमच्या गावी काही नवीन काम असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाशी बोलतो आणि बाकीचे त्याला दुजोरा देतात. ह्यांचे वडील घालायचे. पण परदेशातल्या कंपनीसाठी गाऱ्हाणं घालणारा आमच्या अख्ख्या कुळात हा पहिलाच.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेवंतीकाकी आणि अनु एका सुरात.

"थय त्या सायबाच्या देशात जे कोण इंजिनेर बसले आसत, त्येंका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या हातून काय चुकला माकला आसात, तर ता सुधारून घे. घड्याळात साखर दाखवूचा यंत्र बसव, आनि माज्या चेडवाच्या बोटाची सुई सुटान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी ओट्यापाशी पदर तोंडाला लावून हसत होते. हसता हसता मीही "व्हय म्हाराजा" म्हटलं, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

जेवणाची वेळ झाली होती, साखर बघायची होती. अनु म्हणाली, "आता नाही. लाँच झाल्यावर." मी म्हटलं, बरं, तेवढा वेळ थांबू. टीव्हीवर काळोखातून ते घड्याळ वर आलं. हवेत तरंगत, सावकाश फिरत, पाण्यातून चंद्र वर यावा तसं. शेवंतीकाकींनी आपसूक हात जोडले. अनु ह्यांच्या मांडीत बसली होती, आणि खोलीत आम्हा सगळ्यांच्या तोंडावर त्या घड्याळाचा निळा उजेड पडला होता.

स्टेजवरचा माणूस बोलत होता. हृदयाचे ठोके. झोप. श्वास. तुम्ही पडलात तर घड्याळ घरच्यांना कळवणार. दर वेळी हे पुटपुटायचे, "आता येईल. आता बघ." मग पट्टा आला. मोठा करून दाखवला, आतली बाजू दाखवली, खाच दाखवली. हे गुडघ्यांवर उठून बसले. माणूस म्हणाला, पोहून आल्यावर पट्ट्याखाली पाणी साचू नये, म्हणून ही खास सोय केली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणाला रे तो?" काकींनी विचारलं.

"पाणी," हे म्हणाले. "पाणी निथळायला."

मग रंग आले, किंमत आली, तो माणूस हात हलवून निघून गेला. ह्यांनी रिमोट उचलला. आणि मी ओरडले, "थांबा! बंद करू नका. अजून राहिलंय काहीतरी. ते लोक शेवटी सांगतात, महत्त्वाचं असतं ते शेवटी सांगतात!" मी टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. पडद्यावर कसलीशी जाहिरात लागली होती, मी तीही पूर्ण पाहिली. "अहो, लावा ना परत. आपलं काहीतरी ऐकायचं राहिलं असेल. मेल्यांनी एवढं सगळं केलं, पाणी निथळायची सोय केली, आणि एवढंसं..." रोज या दोघांना वेड्यात काढणारी बाई मी, आणि सगळ्यांसमोर हुंदका फुटला तो मला.

मी आत गेले. ओट्यावर साखर मोजायच्या मशीनचा डबा होता. वेळ टळून गेली होती, काम तर करायलाच हवं होतं. रक्ताचा थेंब घ्यायची पट्टी मी मशीनला लावायला गेले तर ती बसेना, बघते तर उलटीच धरलेली. बाहेर अनु रडतेय का, याचा कानोसा घेतला. वळून पाहिलं तर ती माझ्या मागेच उभी होती.

"सरक," ती म्हणाली.

स्टूल ओढून चढली, नळाखाली हात धुतले, माझ्याच टॉवेलला पुसले. माझ्या हातातून पट्टी घेऊन मशीनला लावली. मग टोचणी घेतली, बोटाच्या कडेला टेकवली आणि बराच वेळ तशीच थांबली. खालचा ओठ दातांत धरलेला. मी म्हटलं, "अनु, दे इकडे, मी करते." तिने मान हलवली. टक् असा आवाज झाला. तिचे खांदे एकदम वर गेले आणि खाली आले. रक्ताचा थेंब तिने स्वतःच पट्टीला लावला.

"एकशे अडतीस," ती मोठ्याने म्हणाली, बाहेर बाबांना ऐकू जाईल असं. मग माझ्याकडे वळली. "उद्यापासून मीच करणार. तू नको करूस. तुला नाही आवडत ना?"

इतके दिवस मी जे मागत होते, ते मला त्या ओट्यापाशी मिळालं होतं. देणारी होती नऊ वर्षांची पोर, आणि ते घेताना माझा जीव तुटत होता. मी तिच्यासमोर खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

"ए आई, रडू नको ना," ती म्हणाली. "एवढं काही दुखत नाही."

दुखतं. तिला मधुमेह निघाला त्या आठवड्यात मी माझी दहाही बोटं टोचून पाहिली होती. खूप दुखतं.

"हो गं," मी म्हटलं. "कुठे एवढं दुखतंय."