नफा कुठे उतरला?

असं समजा, की तुम्ही कारेगावात राहता. घरासमोरून पंपांच्या खोक्यांनी भरलेले ट्रक दिवसभर जातात. तुमची आई त्याच कारखान्यात पंप जोडते आणि ओव्हरटाइम करून दमून घरी येते. मग एक दिवस कळतं, की कारखान्याला यंदा नफाच झाला नाही. तुम्हाला पटेल? सातवीतल्या एंजलला पटलं नाही.

तिला काळजी होती शाळेच्या व्हॅनची. कारखाना नफ्यातला थोडा भाग गावासाठी खर्च करायचा, त्यातून मुलींची व्हॅन चालायची. आता नफा नाही, म्हणून व्हॅन बंद होणार. हायस्कूल महामार्गापलीकडे, कंटेनर-ट्रक धावतात त्या रस्त्याने.

आई, कृपाबाई, म्हणाली, "त्या रस्त्यानं चालत न्हाई धाडायची मी. तू दौंडला मामाकडं ऱ्हा, तिथंच शाळा शिक."

"आन् तू एकटीच इथं?"

आई भाकरी थापत राहिली.

एंजल एका जागी बसेना. ट्रक गेला, की जेवणावरून उठून दाराशी यायची.

"आई, नफा चोरीला गेला का गं?"

"मला काय ठावं? मी नुसते नट आवळते. जेव आधी."

रविवारी दोघी दौंडला गेल्या. स्टीफनमामाने तिच्यासाठी खाट झाडून ठेवली होती, पण एंजल तिच्यावर टेकलीसुद्धा नाही. ती थेट येशुदास आजोबांपुढे जाऊन उभी राहिली. आजोबांचा सगळा जन्म रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात गेलेला.

"आजोबा, माल इथं बनतो, इथंच खपतो. मग नफा जातो कुठं?"

"तुमच्या कंपनीचं मला ठावं न्हाई. पण पेपरात वाचतो, ते असं. मोठ्या कंपनीची ऑफिसं पुष्कळ देशांत असतात. मालावरचं नाव, म्हंजी ब्रँड, एखाद्या लहानशा देशातल्या ऑफिसच्या मालकीचं करून ठेवतात. तिथं कर अगदी थोडा. मग इथला कारखाना त्या ऑफिसला नावाचं भाडं देत बसतो. भाड्यातच सगळं गेलं, की इथं नफा उरत न्हाई. सरकारला कर न्हाई आन् तुला व्हॅन न्हाई."

"म्हंजी एका खिशातून काढून आपल्याच दुसऱ्या खिशात?"

"व्हय गं माझे वकीलबाई! कायद्यात बसवून करतात. देशादेशांत त्यावरून वाद चाललाय."

"मग वाटणी कशी करायची?"

"आमच्या रेल्वेचंच बघ. देशात तिचे वेगवेगळे विभाग, ज्याचा त्याचा हिशोब वेगळा. मी इथं चेन्नईचं तिकीट फाडलं, तर पैसा माझ्या गल्ल्यात यायचा. पण तो सगळा आमच्या विभागाचा नसायचा. गाडी ज्या ज्या विभागाच्या रुळांवरून धावली, त्याला त्याला अंतराप्रमाणं वाटा. काही जाणती माणसं म्हणतात, कंपनीचंही तसंच करा. जगभरातला नफा एकत्र धरा. माणसं कुठं राबतात, यंत्रं कुठं हायेत, माल कुठं खपतो ते बघा. त्या मापानं तो देशांत वाटा आन् ज्यानं त्यानं आपल्या वाट्यावर कर घ्यावा."

"आन् जिथं नुसतं नाव ठेवलंय, त्या देशाला?"

"तिथं गाडी धावलीच कुठं?"

"झाली का शाळा?" मामा हसला. "आता खाटेवर बसून तर बघ."

"न्हाई," एंजल म्हणाली.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या अधिकारी सुलक्षणा मॅडम हायस्कूलच्या एका वर्गात पालकांना आणि मुलींना भेटायला आल्या. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "यंदा आपल्या युनिटला नफा नाही. माझ्या हातात काहीच नाही हो."

"नफा न्हाई आन् ओव्हरटाइम सुटंना!" मागून बानूबाई म्हणाल्या. त्याही पंपच जोडायच्या. बायका खदखदून हसल्या.

एंजल उभी राहिली. "मॅडम, पंपावरच्या नावाचं भाडं कंपनी दुसऱ्या देशात देते का? तिथं पंप जोडणारी माणसं हायेत का?"

"भाडं जातं, बाळ," मॅडम म्हणाल्या. " तिथे नुसतं ऑफिस आहे. तुझं म्हणणं मी वर कळवते."

"वर म्हंजी कुठं?"

"परदेशात. मुख्य ऑफिसला."

"आत्ताच लावा की फोन."

"आत्ता कसा लावू? तिकडे अजून उजाडलं नाही."

आईने डोळे वटारले. "एंजल, बस खाली!"

एंजल वर्गातून बाहेर गेली, मॅडमच्या गाडीसमोरच्या पायरीवर बसली आणि तिथूनच ओरडली, "उजाडू द्या, मॅडम. मी थांबते."