कलाबाईचं मोहाचं झाड

कलाबाईला कोणी शिकवायला आलं की तिचं डोकं तापायचं. आलापल्लीपलीकडच्या जंगलात पन्नास उन्हाळे काढलेली बाई. कोणतं पान कधी तोडायचं, कोणतं बी कशात ठेवायचं, हे तिला दुसऱ्यानं काय सांगावं?

पण गेल्या मार्चात दम्यानं तिला दारात बसवलं. मोहफुलं पडायच्या दिवसांत, साफ जमिनीवर फुलं वेचता यावीत म्हणून, लोकांनी झाडाखालचा पाचोळा पेटवला, आणि त्या धुरात तिची छाती जी आवळली ती महिनाभर सुटलीच नाही. नवरा गेलेला, लेक सिरोंच्याला दिलेली. सासऱ्यापासून चालत आलेल्या तिच्या मोहाखाली त्या वर्षी कोणी झाडलं नाही, कोणी वेचलं नाही. गावचा रिवाज साफ होता. जो खाली झाडतो, त्याचं झाड. लागोपाठ दोन हंगाम पडून राहिलं तर दुसऱ्यानं घ्यावं. शेजारच्या पोचूनं चारचौघांत विचारूनही ठेवलं होतं. येत्या हंगामातही कलाबाई झाडाखाली उतरली नाही, तर झाड त्याचं.

दिवाळीनंतर ती मुकाट दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी एक छोटं मशीन आणि कॅप्सूल दिल्या. कॅप्सूल गिळायची नाही, मशीनमध्ये टाकून तिची भुकटी श्वासासोबत आत ओढायची. सकाळी एक, संध्याकाळी एक, नंतर चूळ भरायची, आणि बरं वाटलं तरी सोडायचं नाही. अचानक दम लागलाच तर निळा पंप वेगळा. कलाबाईनं मान डोलावली आणि घरी येऊन आपलंच खरं केलं. थोडे दिवस ओढलं, श्वास मोकळा झाला, की बंद. गावची आशा कार्यकर्ती दीपाली दर महिन्याला नव्या कॅप्सूल आणून द्यायची, आणि ही त्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून शिंक्यावर ठेवायची. हंगामात लागतील म्हणून! जंगलातल्या माणसाची ही खोडच आहे, चांगली चीज हाती आली की ती आज वापरवत नाही.

माघात दीपालीनं सहज विचारलं, तर बाईनं मोठ्या ऐटीत डबा काढून दाखवला. मोह पडायला लागला की एकदम चार-चार ओढीन, म्हणाली. दीपालीनं कपाळाला हात लावला. पण तीही याच गावची, बडबड करून उपयोग नाही हे जाणून होती.

"मावशी, मोहाखाली तू कधी झाडतेस? फूल पडल्यावर?"

"येडी हायेस काय? पडल्यावर झाडून काय फायदा? आधीच झाडा लागते."

"मग छातीचं काऊन मागून करून राह्यली? हे औषध आतली सूज हळूहळू उतरवते. दम लागल्यावर डबाभर ओढलं तरी ते लगेच काम नाई करत. रोज घ्या लागते."

बाईला राग आला. राग याचाच, की पोरीचं खरं होतं.

त्या संध्याकाळपासून तिनं सुरू केलं. पहिले आठ दिवस काही फरक वाटेना, तेव्हा दीपालीच्या नावानं बोटंही मोडली, पण खाडा केला नाही. मग एके दिवशी सरपणाचा भारा घेऊन टेकाड चढून आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आज आपण मधे कुठी टेकलोच नाही. तिथंच उभी राहून ती एकटीच हसली.

मार्चात उजाडायच्या आधी ती मोहाखाली हजर. पाचोळा पेटवला नाही, नाकाला पदर बांधून खराट्यानं लोटून काढला. दोन झाडं सोडून पोचूनं आपल्याकडचा पेटवलाच. धूर वळून इकडे आला तशी ती वाऱ्याच्या बाजूला सरकली, दोनदा खोकली आणि पुन्हा वाकून वेचायला लागली. निळा पंप कमरेला होता, तो काढायची गरज पडली नाही. पोचूचं सगळं लक्ष तिच्याकडे होतं. आता बसेल, मग बसेल, करता करता ऊन वर आलं आणि टोपली शिगोशिग भरली.

अशी टोपली एकट्या माणसाच्यानं डोक्यावर चढत नाही. कलाबाईनं चुंबळ ठेवली आणि हाक मारली.

"पोचूभाऊ, जरा हात लाव."

पोचू क्षणभर झाडाकडे बघत राहिला. मग आला, वाकला आणि टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.

"जड हाय," तो म्हणाला.

"हाय ना," कलाबाई म्हणाली, "उद्याही ये."

आणि टेकाडाच्या वाटेला लागली.