डावी बाजू

मास्तर कधी गाडी सावकाश चालवतील, असं मास्तरीणबाईंना तीस वर्षांच्या संसारात स्वप्नातही वाटलं नव्हतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. गावातल्या निम्म्या लोकांच्या हाती स्टिअरिंग त्यांनीच दिलेलं. शिकणाऱ्यांच्या कानीकपाळी 'हळू, हळू' ओरडायचं आणि स्वतः बसले की वाऱ्याशी पैज लावायची, अशी त्यांची तऱ्हा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! बाईंचा सगळा प्रवास दारावरची मूठ घट्ट धरून झालेला.

आणि हेच मास्तर या बेटावर आल्यापासून बैलगाडीच्या चालीनं चालले होते. सुट्टीची कल्पनाही त्यांचीच. एरवी गाडी दुरुस्तीला गेली असली तरच ते घरी बसत. आता म्हणाले, चार दिवस बेटावर जाऊ, बोटीतून गाडी नेऊ, आरामात फिरू. रस्ता बेटाला प्रदक्षिणा घातल्यासारखा गोल, उजवीकडे डोंगर आणि डावीकडे सबंध वाटभर समुद्र. बाई डावीकडेच बसलेल्या, त्यामुळे त्यांची चंगळ होती. हे बघा दीपगृह, ते बघा होड्या, तो बघा कड्यावरून समुद्रात पडणारा धबधबा. मास्तर प्रत्येक वेळी म्हणत, 'वा, झकास.' दुधाची गाडी हॉर्न मारत पुढे निघून गेली तरी त्यांनी तिला शिवी दिली नाही. इतक्या वर्षांनी नवरा जरा माणसात आला, असं वाटून बाई खूश होत्या.

गाडी शिकवण्याचीच होती. टपावर पाटी, आणि डावीकडे बसणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. रोज त्या जागेवर मास्तर बसत आणि शिकणारा भांबावला की तो ब्रेक दाबत. बाईंचं काम ऑफिसात. फोन घ्यायचे, कुणाला कधी यायचं ते सांगायचं. सोमवारपासून नवी पोरं येणार होती, त्यांना सगळ्यांना बाईंनी वेळा देऊन ठेवल्या होत्या.

पहिल्या संध्याकाळी मुक्कामाच्या फाटकात शिरताना डावा आरसा खांबाला घासला. 'खांब मेला बाहेर आलाय,' असं म्हणून मास्तरांनी खांबालाच झापलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून बाई हसल्या आणि विसरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. दुपारची वेळ, लख्ख ऊन, सरळ रस्ता. डाव्या कडेनं एक बाई लहान मुलीचा हात धरून चालली होती. मास्तरीणबाईंना ती लांबूनच दिसली. आता हे गाडी बाजूला घेतील, मग घेतील, असं म्हणेपर्यंत गाडी कडेकडेनं सरकत त्यांच्यावरच निघाली होती. मास्तरीणबाईंचा पाय आपोआप जादा ब्रेकवर पडला.

गाडी गचकन थांबली. मुलीनं हात लांबवला असता तर तो बॉनेटला लागला असता. तिच्या आईनं तिला पोटाशी ओढलं आणि ती गाडीकडे बघत राहिली. मास्तर बायकोवर उखडले. ब्रेकवर पाय कशाला, मागून कुणी असतं तर, असं त्यांनी फैलावर घेतलं. मग बायको कुठं बघते आहे म्हणून त्यांनी पूर्ण मान वळवली, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"दिसल्या होत्या मला," ते म्हणाले. "बाजूला घेणारच होतो."

मास्तर खोटं क्वचित बोलत, त्यामुळे त्यांना ते नीट जमत नसे. बाईंच्या मनात शंकेची कीड शिरली ती शिरलीच. थोड्या वेळानं डावीकडे मोकळं माळरान लागलं. थेट समुद्रापर्यंत एक झुडूपसुद्धा नव्हतं.

"अहो, तो पांढरा घोडा बघा ना," बाई म्हणाल्या.

"हो, बघितला," मास्तर म्हणाले. "ऐटबाज आहे."

म्हणजे दीपगृह, होड्या, धबधबा, कशाकशाला हा माणूस नुसता 'वा' म्हणत होता? बाईंना भीती वाटलीच, पण तिच्याही आधी संताप आला. ती मुलगी अजून त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपली झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून यांनी दुसऱ्याचं लेकरू पणाला लावलं होतं.

त्यांनी गाडी थांबवायला लावली. "तिथं घोडा नाहीये," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान वळवून त्या रिकाम्या माळाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग इंजिन बंद केलं आणि सगळं सांगून टाकलं.

काचबिंदू होता. दोन महिन्यांपूर्वीच डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्यालाही सुरुवात झाली आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधानं टिकवायची, आणि गाडी चालवायची नाही. थेंबांची बाटली मास्तरांनी गाडीतल्या प्रथमोपचाराच्या डब्यात दडवली होती आणि थेंब गुपचूप गॅरेजात जाऊन घालत होते. बेटावर रस्ते रिकामे असतात, सावकाश गेलं तर जमतंय का बघू, जमलं तर सोमवारपासूनही जमेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे ही सुट्टी नव्हतीच, परीक्षा होती. बाईंना ते सगळ्यात जास्त लागलं.

"शिकवताना पोरंच चालवतात," मास्तर म्हणाले. "मी नुसता शेजारी बसतो."

"डावीकडे बसता. माणसं कुठल्या कडेनं चालतात?"

मास्तर स्टिअरिंगवरची धूळ पुसायला लागले.

"सोमवारी मी एकाही पोराला येऊ देणार नाही," बाई म्हणाल्या. "ऑफिसला कुलूप लागलं तरी चालेल."

"आणि मी काय करू? भाजी निवडू?"

"निवडा. माझा जन्म त्यातच गेला."

हे बोलल्यावर त्यांना रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. लग्नानंतर एकदाच मास्तरांनी त्यांना गाडी शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी गाडी शेजाऱ्यांच्या फुलझाडांत घुसली, आणि 'हे तुझं काम नव्हे' असं मास्तर गल्लीदेखत म्हणाले. साऱ्या गावाला शिकवलं आणि बायकोला ठेवलं कोरडं. आज ते मास्तरांनाही कळत असावं, कारण ते खाली मान घालून बसले होते.

बोटीचा धक्का टेकडीपलीकडेच होता. कुणीतरी येईल, त्याला गाडी न्यायला सांगू, असं बाईंनी ठरवलं. दोन मोटारी आल्या. बाईंनी हात केला, पण त्या थांबल्या नाहीत. आभाळ भरून आलं. शेवटी मास्तरांनी सगळे दिवे लुकलुकते ठेवले आणि माणूस चालेल त्या वेगानं गाडी काढली. बाई ब्रेकवर पाय ठेवून डावीकडचं सांगत होत्या. कुंपण. सायकलवाला, थांबा. गेला. आता मोकळं. उजवीकडे घ्या, आणखी. आपण करतोय ते चूक आहे हे दोघांनाही कळत होतं. मास्तर 'हो' एवढंच म्हणत आणि सांगितल्यावाचून तसूभरही पुढे जात नव्हते. त्यांनी बायकोचं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

धक्क्यावर गाड्यांची रांग होती. यांचा नंबर आला. बोटीच्या अरुंद उतारावर डाव्या हाताला उभा राहून खलाशी खुणा करत होता. या, या, आणखी या. मास्तरांनी गाडी हलवली नाही. मागून हॉर्न सुरू झाले. आता काय करतात म्हणून बाईंनी दारावरची मूठ घट्ट धरली. मास्तरांना या जगात कशाची भीती वाटत असेल तर चारचौघांत हसं होण्याची.

मास्तरांनी काच खाली केली आणि खलाशाला हाक मारली.

"मला डावीकडचं दिसत नाही," ते म्हणाले. "गाडी तुम्ही चढवा."

खलाशानं टपावरची पाटी वाचली, मास्तरांकडे पाहिलं. म्हातारा थट्टा करतोय असं वाटून तो हसला.

"मग इथवर कशी आणलीत?"

"मी नाही आणली," मास्तर म्हणाले. "हिनं आणली."

खलाशी बाईंकडे बघायला लागला. तीस वर्षं बाईंना हे ऐकायचं होतं, आणि आता ऐकवेना. मास्तरांनी किल्ली खलाशाच्या हातात दिली. ते गाडीतून उतरले, आणि आता कुठल्या दारानं आत बसायचं ते न कळून रस्त्यातच उभे राहिले.